फेरेटमधील झटके व श्वासकष्ट

पाळीव फेरेटमध्ये आढळणारी, तातडीच्या उपचारांची गरज दर्शविणारी दोन लक्षणे. फेरेट हा यूरोपीय पोलकॅटचा माणसाळविलेला प्रकार असून पाणमांजराच्या म्युस्टेलिडी कुलात मोडतो [⟶ पाणमांजर].

कारणे : तीन वर्षांवरील फेरेटमध्ये झटके मुख्यतः स्वादुपिंडातील इन्सुलीनस्रावी अर्बुदामुळे रक्तशर्करा घटून येतात [⟶ स्वादुपिंड]. हृद्‌विकार, इन्फ्लुएंझा व कॅनाइन डिस्टेंपर यांमुळे श्वासकष्ट होतो. वसई-विरारसारख्या उष्ण, दमट किनारी भागात उष्माघाताने दोन्ही लक्षणे उद्‌भवू शकतात.

लक्षणे : शून्य नजर, लाळ गळणे, तोंड पंजाने खरवडणे, मागील पाय लुळे पडणे व त्यानंतर आचके, श्वासकष्टात तोंड उघडे ठेवून श्वसन व निळसर हिरड्या.

उपचार : झटक्याच्या वेळी तोंडात बोट घालीत नाहीत, कापसाच्या बोळ्याने हिरड्यांना मध लावतात. श्वासकष्टात कमीत कमी हाताळून ऑक्सिजन देतात. उष्माघातात कोमट पाण्याने हळूहळू शरीर थंड करतात. प्रत्येक वेळी पशुवैद्याकडे तत्काळ नेणे आवश्यक असते. 

महत्त्व : मानवी इन्फ्लुएंझाची लागण फेरेटला होते, १९३३ मध्ये त्याचा विषाणू फेरेटच्या साहाय्याने प्रथम वेगळा करण्यात आला [⟶ इन्फ्लुएंझा]. त्यामुळे आजारी व्यक्तीने फेरेटपासून दूर राहणे हा प्रतिबंधाचा भाग ठरतो.