गाडीचा मालक कोण? एका नोंदवहीचा इतिहास

१/ पुणे–बंगळूर महामार्गावर, कराडला लागूनच मलकापूर आहे. येथून जाणाऱ्या दुचाकींच्या पाट्या पाहिल्या तर अवघा परिसर उलगडतो : एमएच-५० कराड, एमएच-११ सातारा, एमएच-१० सांगली, एमएच-०९ कोल्हापूर. मात्र ही अक्षरे केवळ गावाचा पत्ता सांगत नाहीत. गाडीचा मालक कोण, याचे कायदेशीर उत्तर त्या क्रमांकामागच्या नोंदवहीत दडलेले असते. ते उत्तर कसकसे बदलत गेले, त्याचा हा मागोवा.

२/ ब्रिटनने १९०३ च्या कायद्याने मोटारींना क्रमांकाची पाटी सक्तीची केली. पाठोपाठ १९०४ मध्ये मुंबई इलाख्याचा मोटार कायदा आला आणि १९१४ मध्ये संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी कायदा झाला. धडक देऊन पळणारे वाहन ओळखता यावे, ही त्यामागची मुख्य गरज होती. नियम करण्याचे अधिकार मात्र प्रांतांकडेच राहिले.

३/ त्या काळी कराड ब्रिटिश सातारा जिल्ह्यात होते. भोवती औंध, फलटण, सांगली, मिरज, कोल्हापूर ही संस्थाने होती. कराडहून कोल्हापूरला निघालेली मोटार वाटेत एका राजवटीतून दुसऱ्या राजवटीत शिरत असे. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा संस्थानांना आपोआप लागू होत नव्हता.

४/ १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने नोंदणी, चालकाचा परवाना, व्यावसायिक वाहनांचे परमिट आणि त्रयस्थ पक्षाचा विमा हे सारे एका चौकटीत आणले. विक्रीनंतर नोंदणीत नाव बदलण्याची तरतूदही त्यात होती. मात्र वाहनावरील कर प्रांताच्या अखत्यारीत राहिला. पुढे मुंबई राज्याने १९५८ मध्ये केलेला वाहनकर कायदा महाराष्ट्राकडे वारशाने आला.

५/ स्वातंत्र्यानंतर प्रश्न उलटा झाला : गाडी कोणाची, याआधी गाडी मिळणार कोणाला? बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने १९४८ पासून व्हेस्पा आयात करून विकली. तीच कंपनी पुढे बजाज ऑटो झाली. तिला १९५९ मध्ये उत्पादनाचा परवाना मिळाला. मागणी अफाट आणि उत्पादन परवान्याने बांधलेले. म्हणून १९६० मध्ये केंद्राने स्कूटरच्या वाटप व विक्रीवर नियंत्रण आदेश काढला.

६/ विक्रेत्याने कोणाला गाडी द्यावी, हे आता नोंदणीचा क्रम ठरवू लागला. ग्राहकाने अनामत ठेवावी, नाव लावावे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी. १९७२ मध्ये आलेल्या चेतकसाठीही हीच रांग. हाती आलेली गाडी ‘ऑन’ घेऊन, म्हणजे अधिक पैसे घेऊन, विकण्याचा मोह स्वाभाविक होता. लग्नाच्या बोलणीत स्कूटर मोलाची ठरे, त्यामागे ही टंचाईही होती.

७/ १९८८ चा नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच सुमारास ‘एमएच’ मालिका सुरू झाली. या कायद्याने मालकाची व्याख्या नेमकी केली : सर्वसाधारणपणे ज्याच्या नावावर वाहनाची नोंद, तो मालक. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत मालकीहक्काचा दाखला आणि रस्त्यावर चालवण्याची नोंदणी हे दोन वेगळे कागद असतात. भारतात तसा वेगळा दाखला नाही. भिस्त आरसी बुकावरच.

८/ या छोट्याशा व्याख्येचे परिणाम मोठे आहेत. एका खटल्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे अशी विकली गेली होती. नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर होती. मग अपघात झाला. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकाची. अपघातग्रस्ताने खरेदीदारांची साखळी शोधत फिरू नये, हा त्यामागचा विचार.

९/ कायद्यातील मुदती स्पष्ट आहेत. राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे. घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा. फॉर्म २९ आणि ३० त्यासाठीच. तरीही सह्या केलेले कोरे फॉर्म एजंटाच्या खणात पडून राहण्याची रीत जुनी आहे.

१०/ ही फट बुजवण्यासाठी केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये नियम बदलले. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला नोंदणी प्राधिकरणाकडून अधिकारपत्र घ्यावे लागते. गाडी त्याच्या ताब्यात आल्याची सूचना दिल्यानंतर ती विकली जाईपर्यंत तोच मालक मानला जातो.

११/ पळणारी गाडी ओळखण्यासाठी सुरू झालेली नोंदवही शतकभरात जबाबदारी ठरवणारा पुरावा बनली. किल्ली दिली, पैसे घेतले, हात मिळवला, म्हणजे व्यवहार संपला असे लोक मानतात. कायद्याच्या लेखी मात्र तो संपतो नाव बदलल्यावर. तुमच्या घरातील जुनी दुचाकी विकली गेली असेल, तर आज ती कोणाच्या नावावर आहे, एवढे एकदा पाहावे.