ई-सिगारेट आणि आपली किशोरवयीन मुले

ई-सिगारेट म्हणजे बॅटरीवर द्रव तापवून त्याची वाफ ओढण्याचे उपकरण. ही निव्वळ सुगंधी वाफ आहे, हा मुलांचा समज खोटा आहे. त्या द्रवात बहुधा निकोटीन असते, आणि सुमारे २५ वर्षांपर्यंत घडत राहणाऱ्या मेंदूस त्याचे व्यसन लवकर जडते.

भारतात २०१९ च्या कायद्याने तिचे उत्पादन, आयात, विक्री व जाहिरात यांवर बंदी आहे; तरीही ती चोरवाटेने मिळते. दिसायला पेन ड्राइव्हसारखी, वास आंब्याचा वा पुदिन्याचा. म्हणून दप्तरात सापडूनही पालकांच्या ध्यानात येत नाही. (स्वतः तंबाखू मळणाऱ्या पित्याने दप्तर तपासण्याआधी आपला खिसा रिकामा करावा.) सापडल्यास आरडाओरड न करता कोणी दिली, किती दिवसांपासून ओढतो, हे शांतपणे विचारावे आणि मुलाला डॉक्टरांकडे न्यावे.