‘ध’ चा ‘मा’ : एका वाक्प्रचाराचें मूळ

लेखांतील शब्द बुद्ध्या बदलून अर्थाचा अनर्थ करणें यास मराठींत ‘ध’ चा ‘मा’ करणें म्हणतात. नारायणराव पेशव्यांस ‘धरावें’ अशी राघोबादादांची आज्ञा होती; आनंदीबाईंनीं आद्याक्षर पालटून ‘मारावें’ केलें, आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं पेशव्यांचा वध केला, ही त्यामागील कथा सर्वश्रुत आहे. या वाक्प्रचारास पुरावा मानावें कीं काय, एवढाच प्रश्न आम्हीं येथें घेतला आहे.

वध झाला हें निर्विवाद. सुमेरसिंग, महंमद इसफ, खरकसिंग व तुळाजी पवार हीं नांवेंही प्रसिद्धच आहेत. रामशास्त्री प्रभुणे यांनीं चौकशी करून दोष ठेविला तो राघोबादादांवर. परंतु ज्यावर अक्षर पालटलें म्हणतात तो मूळ कागद आज उपलब्ध नाहीं.

ग्रांट डफनें आपला इतिहास १८२६ सालीं, म्हणजे घटनेनंतर ५३ वर्षांनीं, प्रसिद्ध केला. त्यांतील कथन बारकाईनें वाचावें. रामशास्त्र्यांनीं कागद मिळविला व त्यांत शब्द बदललेला आढळला, असें तो सांगतो. बदल आनंदीबाईंनीं केला, हें मात्र तो सार्वत्रिक समजूत म्हणून नमूद करतो. या दोहोंतील सीमारेषा पुढें पुसली गेली, आणि समजूत तेवढी लोकांच्या तोंडीं कायम झाली.

लिपीचाही विचार केला पाहिजे. वाक्प्रचार ऐकतांना आपणांपुढें बाळबोध ‘ध’ उभा राहतो. पेशवाईंतील असा कागद मोडींत असणार. मोडींत रेघ आधीं ओढून अक्षरें एकास एक जोडीत लिहीत. तेथें एक अक्षर काढून त्या जागीं काना असलेलें दुसरें बसविलें, तर शेजारच्या जोडावर खूण राहण्याचा संभव फार. म्हणून असा कागद कोणी पुढें आणिल्यास संग्राहकांनीं प्रथम तें स्थळ, शाई आणि अक्षरांचे जोड तपासावे. कथेशीं जुळतो एवढ्यावरून तो अस्सल मानूं नये.

आनंदीबाई निर्दोष होत्या असें आमचें प्रतिपादन नाहीं. मूळावांचून कांहीं लिहूं नये, हा मल्लिनाथाचा दंडक इतिहासासही लागू आहे, इतकेंच आमचें म्हणणें. वाक्प्रचार लोकांनीं काय मानिलें याचा साक्षीदार असतो, काय घडलें याचा नव्हे. तो भाषेंत सुखेनैव नांदो. पण एका स्त्रीच्या माथीं खून मारावयास एक अक्षर, आणि तेंही कोणीं न पाहिलेलें, पुरेसें नाहीं.