अर्ध्या चमच्याची तफावत

बँकेत दिवसअखेरीस हिशेब जुळला नाही, तर कारकुनाला घरची वाट दिसत नाही. आणि काही केल्या जुळलाच नाही, तर फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात. म्हणजे चूक आहे, पण कुठे आहे ते देव जाणे! बँकिंग व्यवहारात देवाला मिळालेली एवढीच काय ती जागा.

सध्या मी नांदेडच्या शाखेत ही खाती सांभाळतो. पण माझे पहिले सस्पेन्स खाते उघडले ते लातूरला, दहावीत असताना. तारीख २१ सप्टेंबर १९९५, वार गुरुवार. त्या दिवशी देशभर गणपती दूध पीत होते.

आमचाही प्यायला. आजी चमचा सोंडेला लावी आणि दूध हळूहळू कमी होई. मी गुपचूप मूर्तीखाली ताट सरकवले. दहा चमचे पाजले, ताटात साडेनऊ भरले.

"अर्धा चमचा घेतलाच की रं त्यानं!" आजी म्हणाली.

तिकडे दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग कालवून मूर्तीला पाजले. काठोकाठ भरलेल्या चमच्यातले दूध दगडाला टेकताच पृष्ठताणामुळे ओढले जाते आणि पातळ थर होऊन खाली ओघळते, हे त्या रंगाने उघडे पाडले. पण माझा अर्धा चमचा गेला कुठे? त्याचा पत्ता दुसऱ्या दिवशी लागला. मूर्तीखालच्या लाल वस्त्राला नासक्या दुधाचा वास येत होता.

मी वस्त्र धुऊन टाकले आणि गप्प बसलो. कारण त्या दिवशी आजी दोन वर्षांनी हसली होती.

आजी किल्लारीजवळच्या एका खेड्यातली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली, तेव्हा गावोगाव लोक गणपती विसर्जन करून नुकते झोपले होते. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली. त्यांत आमचे आजोबा. आजी दुखऱ्या गुडघ्यामुळे विसर्जनाला गेली नव्हती. देव त्याचाच राग धरून बसला, असा तिचा हिशेब. दूध घेतले, म्हणजे राग गेला!

हा हिशेब मात्र मला सस्पेन्समध्ये ठेवता येईना. अकरावीला कॉमर्स घेतले, जमा-नावे शिकलो आणि एकदा धीर करून म्हणालो, "आजी, आजोबा विसर्जनाला गेले होते ना?"

"अनवाणी गेले होते."

"मग ते का गेले? आणि तू कशी वाचलीस?"

"गाय व्यायला झाली होती. मी गोठ्यात निजले होते, पत्र्याखाली."

"म्हणजे पाप तुझ्या नावावर, आणि वसुली आजोबांकडून? अशी नोंद आमच्या मास्तरांनी फाडून टाकली असती. आजोबा कशाखाली होते?"

"माळवदाखाली," आजी म्हणाली, आणि बराच वेळ बोलली नाही.

दगड आणि चिखलाच्या हातभर जाड भिंती, वर मातीचे मणामणांचे माळवद. उन्हाळ्यात गारवा उत्तम. पण भूकंपात दगडाला दगड धरून राहत नाही आणि वरचे ओझे खाली येते. पाप मोजायला माप नाही, भिंतीला आहे.

मापवाले चुकत नाहीत असे नाही. १९९२ साली त्या भागात लहान धक्के बसून गेले होते, तरी भूकंपाच्या नकाशात हा मुलूख सर्वांत सुरक्षित पट्ट्यात होता. पुढे २००२ च्या नकाशात तो वरच्या धोक्याच्या पट्ट्यात टाकला. खोडून नवी नोंद करायची, ही शास्त्रज्ञांची सवय मला कारकून म्हणून फार आवडते.

पुढे आम्ही घरावर एक खोली चढवली. आजी रोज गवंड्यासमोर खुर्ची टाकून बसे. "खिडकीवरून काँक्रीटचा पट्टा फिरवला का चारी भिंतींला? आन् वरी पत्राच टाक!" गवंडी वैतागला, पण पट्टा फिरला. खोली झाल्यावर पहिल्यांदा तिथे गणपती नेला. लाल वस्त्रासकट.

आजी आता नाही. त्या वस्त्राचे मी तिला शेवटपर्यंत सांगितले नाही. अर्ध्या चमच्याचे ते खाते माझ्याकडे अजून तसेच पडून आहे. त्याच्यावाचून कुणाचे छप्पर पडत नाही.