नाकं मोजणारे आणि फडावरचे

दसरा-दिवाळी आली की आमच्या बीड जिल्ह्यातून कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल दोघांची मिळून. मी अशाच एका कोयत्याचं पोरगं. सेट पास झालो, पीएचडीला लागलो, विषय घेतला ऊसतोड बायकांचं जगणं. पहिल्याच बैठकीत प्रश्न आला, "तू तर त्यांच्यातलाच, मग तटस्थ कसा राहणार?" मला काही बोलता आलं नाही. उत्तराचा धागा सापडला तो थेट १९१६ सालात.

९ मे १९१६, न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांचे बाबासाहेब भारतातल्या जातींवर निबंध वाचतायत. त्या काळात जातीवरचा मोठा अधिकारी कोण, तर हर्बर्ट रिस्ले. हा साहेब वंश ठरवायला लोकांची नाकं मोजायचा! खरंच, मापं घेऊन. बाबासाहेबांनी वेगळाच प्रश्न विचारला: जात टिकते कशी? जातीबाहेर लग्न होऊ न दिल्याने. मग सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह यांचा त्यांनी याच नियमाशी संबंध जोडला. नाक सोडून त्यांनी घरात पाहिलं.

याच निबंधात श्रीधर व्यंकटेश केतकरांचा, म्हणजे आपल्या ज्ञानकोशकारांचा, उल्लेख येतो. केतकर इथलेच असूनही मोकळ्या मनाने अभ्यास करतात, अशी दाद बाबासाहेब देतात आणि पुढे त्यांच्याशी मतभेदही मांडतात. म्हणजे 'इथलाच' असण्याचा प्रश्न तेव्हाही होताच की!

गुणात्मक संशोधन, म्हणजे मुलाखती घेऊन, सोबत राहून केलेला अभ्यास. त्याच्या मुळाशी गेलं की जर्मनीतले विल्हेल्म डिल्टाय भेटतात. निसर्गातल्या घटनांची कारणं सांगता येतात, माणसाचं जगणं मात्र आतून समजून घ्यावं लागतं, हा त्यांचा मुद्दा. कोलंबियात बाबासाहेबांना शिकवणारे जॉन ड्यूई म्हणत, ज्ञान अनुभवातून, अडचणीला भिडताना घडतं. दोघांच्याही लेखी अनुभव ही अडचण नाही, तिथूनच तर सुरुवात होते.

पण तत्त्वज्ञान पटलं म्हणून स्टाफरूम बदलत नाही. १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. प्राध्यापकांसाठीच्या भांड्यातलं पाणी ते पितात म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. कोलंबियात शिकून आलेला माणूस, आणि वाद पाण्यावरून.

आज पाण्यावरून कुणी बोलत नसेल, पण कामाची वाटणी तीच आहे. गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये हेच लिहिलं: दलितांनी अनुभव पुरवायचा, सिद्धांत दुसऱ्यांनी मांडायचा. त्याच्या आधी, १९८९ मध्ये, ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' काढलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना भेटून, त्यांच्या आठवणी विचारून लिहिलेलं पुस्तक. त्यातल्या ऊर्मिलाताई सरकारी नोकरी करत होत्या, विद्यापीठात नव्हत्या.

आता आमच्या गावाकडे येतो. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. हा आकडा हवाच, त्याशिवाय सरकार हलत नाही. पण बाई पिशवी काढायला तयार का होते? खाडा झाला की पैसे कापले जातात, फडावर मोरी नाही, पाळीत आडोसा नाही, डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. हे बायकांनी बोलून सांगितलं तेव्हाच कळलं.

तरी त्या बैठकीतला प्रश्न अगदीच खोटा नव्हता. मी त्यांच्यातला आहे, पण बाई नाही. हे मला आईची मुलाखत घेताना कळलं. फडावरच्या दिवसांचं विचारलं, तर तिने आधी माझ्या मोबाइलकडे पाहिलं. म्हणाली, "ते बंद कर. मंग सांगते. आन् लिहू नको."

तिने सांगितलं. सगळं. प्रबंधाचं तिसरं प्रकरण तेव्हापासून तिथंच अडलंय.