मोंसेगूरचा लुप्त दुर्ग

फ्रान्सच्या दक्षिणेस, पिरेनीज पर्वताच्या उत्तर पायथ्याशीं, उभ्या कड्यांचा एक सुटा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर १,२०७ मीटर उंचीवर पांचकोनी तटाचा एक भग्न दुर्ग दिसतो. त्याचें नांव मोंसेगूर, म्हणजे सुरक्षित गिरि. तेराव्या शतकांत येथें दोनशेंहून अधिक माणसें धर्मश्रद्धेपायीं जिवंत जाळलीं गेलीं, हें ऐकून आलेला प्रवासी या भिंतींपुढें नतमस्तक होतो. परंतु त्या माणसांनीं या भिंती कधीं पाहिल्याच नव्हत्या. त्यांचा दुर्ग केव्हांच नाहींसा झाला. आज उभा आहे तो त्यांच्या जेत्यांचा.

हीं माणसें काथार पंथाचीं. दृश्य जग ही असत् तत्त्वाची निर्मिति होय, असें हा पंथ मानी. त्याचे दीक्षित साधु व साध्वी मांस वर्ज्य करीत, शपथ घेत नसत, प्राणहत्या करीत नसत. रोमच्या धर्मपीठानें त्यांस पाखंडी ठरविलें आणि १२०९ मध्यें त्यांच्याविरुद्ध धर्मयुद्ध सुरू झालें. तत्पूर्वीं, सुमारें १२०४ सालीं, रेमों द पेरेई या सरदारानें पंथीयांच्या आग्रहावरून हा पडका गड पुन्हां बांधून काढला होता. १२३२ मध्यें धर्माध्यक्ष ग्वियाबेर द कास्त्र यानें तेथेंच पंथाचें मुख्य पीठ नेलें. तटाबाहेर उतारावर पायऱ्यापायऱ्यांनीं घरें उठलीं आणि माथ्यावर एक लहानसें गांवच वसलें.

साधूंचें व्रत अहिंसेचें असलें, तरी त्यांचे रक्षक शस्त्रधारी होते. मे १२४२ मध्यें शिबंदीच्या लोकांनीं आव्हिन्योने येथें धर्मन्यायाधीशांस ठार मारलें, आणि गडाचें भवितव्य ठरलें. मे १२४३ मध्यें राजाच्या सैन्यानें वेढा घातला. उन्हाळा गेला, पावसाळी दिवस गेले. कडे अभेद्य राहिले. अखेर हिवाळ्यांत कांहीं डोंगरी शिपायांनीं रात्रीं कडा चढून पूर्व टोंकाचें ठाणें घेतलें. मग दगड फेंकणारें यंत्र वर चढविण्यांत आलें.

२ मार्च १२४४ रोजीं तह झाला. शिबंदीस अभय मिळालें. पंथ सोडील त्यासही जीवदान होतें. मुदत पंधरा दिवसांची. या मुदतींत विलक्षण गोष्ट घडली. ज्यांस जीव वांचवून खालीं उतरतां आलें असतें, अशा सुमारें वीस जणांनीं उलट नवी दीक्षा घेतली. १६ मार्च रोजीं तेही इतरांबरोबर डोंगराच्या पायथ्याशीं अग्नींत गेले.

पुढें डोंगर मीर्प्वाच्या लेव्ही घराण्याकडे गेला. जुना गड व वस्ती मोडण्यांत आली, आणि राजसत्तेची सरहद्द राखण्यासाठीं नवा दुर्ग उभा राहिला. काळ लोटला, तसा हाच काथारांचा दुर्ग असा समज दृढ झाला. विसाव्या शतकांत तर त्याच्या झरोक्यांतून उगवत्या सूर्याचे किरण येतात, म्हणून तें काथारांचें सूर्यमंदिर होतें, असाही सिद्धान्त मांडला गेला. भिंतीच नंतरच्या असल्यामुळें त्याचा पाया ढांसळतो.

खऱ्या दुर्गाचा शोध १९६८ पासूनच्या शास्त्रशुद्ध उत्खननानें घेतला. उतारावर घरांच्या जोत्यांच्या रेषा दिसूं लागल्या. मातींतून खापरें, कात्र्या, फांसे, बाणांचीं टोंकें आणि यंत्रानें फेंकलेले दगडी गोळे निघाले. यांपैकीं पुष्कळशा वस्तु गांवांतील संग्रहालयांत आहेत.

उंच तट जेत्यांची आठवण सांगतो. पराभूतांची आठवण त्याच तटाबाहेर, गवतांत दडलेल्या जोत्यांत आहे. प्रवासी त्यांवरून पाय देऊन पुढें जातो. पण गड पाहावयाचा असेल, तर त्यानें तेथेंच थांबावें.