वाहते पाणी आणि फोटोची काच

आमच्या कोकणातल्या घरी माजघराच्या भिंतीवर एक फोटो टांगलेला आहे. तो १९१७ सालचा. गावामागच्या डोंगरातून उतरणाऱ्या पऱ्ह्याच्या काठी, एका सपाट कातळावर, घरची माणसे बसलेली आहेत. पणजोबा पगडी घालून, पणजी डोईवरून पदर घेऊन, बाजूला तिघे मुलगे. सगळ्यांचे चेहरे इतके स्वच्छ आले आहेत की पणजोबांच्या उपरण्याचे काठसुद्धा मोजून घ्यावेत. दोन गोष्टी मात्र त्या फोटोत आलेल्या नाहीत. एक, मागचे पाणी. ते कातळावर ताक सांडावे तसे पांढरे आणि बिनआकाराचे दिसते. दुसरी, माझ्या आजोबांची धाकटी बहीण. चार वर्षांची ती पोर पणजीच्या पुढ्यात बसली आहे. परकर दिसतो, हातातल्या बांगड्या दिसतात, आणि मानेच्या वर केवळ एक पांढुरका डाग आहे. फोटोवाल्याने 'हलू नका' असे बजावले आणि नेमक्या त्याच वेळी ती पाण्याकडे वळून पाहू लागली, असे आजोबा सांगत. पुढच्या वर्षी, १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत, ती गेली. तिचा दुसरा फोटो नाही.

या एका फोटोपायी मी वाहत्या पाण्याच्या फोटोंचा इतिहास वाचू लागलो. शास्त्र हा माझा विषय नव्हे. वर्गात मी भाषा शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. परंतु हा इतिहास वाचताना असे आढळले की, आमच्या घरी जे घडले तेच फोटोच्या जन्मापासून घडत आले आहे.

पॅरिसमधल्या एका हमरस्त्याचा दागेरने १८३८ साली घेतलेला फोटो प्रसिद्ध आहे. भर दिवसाचा रस्ता, गाड्याघोडे, येणारीजाणारी माणसे, आणि फोटोत सगळे ओसाड! काच नव्हे, तेव्हा चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा असे. त्यावर चित्र उमटायला कित्येक मिनिटे लागत. तेवढ्या वेळात जो चालला तो पुसला गेला. एक माणूस तेवढा उरला, कारण तो बूट पुसून घेण्यासाठी एका जागी पाय टेकून उभा होता. बूट पुसणाराही पुसट दिसतो. जो थांबला तो राहिला, असा तो कारभार. मग ज्याला थांबणे ठाऊकच नाही अशा डोंगरातल्या ओढ्याने काय करावे?

१८५१ साली इंग्लंडात फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या काचेची रीत प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची, आणि ओली आहे तोवरच कॅमेऱ्यात घालून, फोटो घेऊन, तंबूतल्या अंधारात धुऊन काढायची. मिनिटांचे काम सेकंदांवर आले. तरीही ओढा हाती लागेना, आणि यामागचे कारण मोठे मौजेचे आहे. ही काच निळा प्रकाश तेवढा ओळखी. हिरवा आणि तांबडा तिला जवळजवळ दिसतच नसे. आता ओढा कुठे असतो? दरीत, झाडांच्या सावलीत. भोवती हिरवे शेवाळ, हिरवे नेचे, तांबूस कातळ. म्हणजे काचेच्या दृष्टीने निव्वळ काळोख. तो उजळून यावा म्हणून काच बराच वेळ उघडी ठेवावी, तर मधले पाणी आकाशाचा प्रकाश घेऊन उतू जाई. शेवाळ हवे तर पाणी सोडावे लागे, आणि पाणी हवे तर शेवाळ. समुद्राचे तसे नसते. तिथे माथ्यावर उघडे आकाश आणि उजेड मुबलक.

वेल्समध्ये स्वान्सीजवळ पेन्लेरगेर नावाची एक इस्टेट होती. तिचा मालक जॉन डिल्विन लुएलिन हा या विद्येचा वेडा. त्याची पत्नी एमा ही फॉक्स टॅलबटची मावसबहीण, आणि काचांवरून कागदावर चित्रे उतरवण्याचे काम ती करी. त्याने किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा काचेवर थांबवल्या, आणि १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात 'गती' या नावाने मांडलेल्या त्या चित्रांना रौप्यपदक मिळाले. पण हाच गृहस्थ आपल्या इस्टेटीतल्या धबधब्यापुढे उभा राहिला की हतबल होई. लाट थांबवणाऱ्याला घरचा ओहोळ थांबवता आला नाही. पुढे १८५६ मध्ये काच लवकर वाळू नये म्हणून त्याने तिच्यावर मध आणि शिरक्याचे पाणी चढवण्याची युक्ती काढली. घरच्या फडताळातली वस्तू अशी शास्त्राच्या कामी आली, हे वाचून मला फार बरे वाटले.

आपल्याकडे मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, म्हणजे आपणही मागे नव्हतो. परंतु पहाडातल्या पाण्याची गोष्ट निघाली की सॅम्युएल बोर्नकडे वळावे लागते. नॉटिंगहॅमच्या एका बँकेतली नोकरी सोडून तो १८६३ मध्ये हिंदुस्थानात आला. त्याच वर्षी सुमारे तीस हमालांच्या पाठीवर काचा, बाटल्या आणि तंबू लादून तो सिमल्याहून हिमालयात शिरला. त्याची तक्रार अशी की, हिमालय भव्य खरा, पण सिमल्याच्या आसपास पाणी नाही. तळी नाहीत, नद्या नाहीत, ओढे नाहीत, आणि पाण्याशिवाय चित्र कसे व्हावे? विलायती चित्रकलेत वाढलेला हा डोळा. हमाल पळून जात, तेव्हा आपण काठी घेऊन त्यांना गावातून शोधून आणले, हेही त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. ती ओझी वाहणाऱ्यांची नावे मात्र लिहिलेली नाहीत.

पाण्यावाचून त्याचे दुसऱ्या रीतीनेही अडत असे. काच धुवायला स्वच्छ पाणी पाहिजे, तेही लगेच. ज्या ओढ्याचा फोटो घ्यायचा त्याच ओढ्याच्या पाण्याने तो फोटो धुतला जाई. १८६६ साली मनिरंग खिंडीत अठरा हजार सहाशे फुटांवर त्याने चित्रे घेतली, आणि त्याच प्रवासात तो गोमुखाला पोहोचला. हिमनदीच्या काळ्या-पांढऱ्या भिंतीखालून भागीरथी बाहेर पडते तेथला त्याचा फोटो आहे. बर्फाची एकेक भेग, काठावरचा एकेक धोंडा काचेत स्पष्ट उतरला. ज्या पाण्यासाठी माणसे तिथवर जीव धोक्यात घालून जातात, ते पाणी मात्र धुक्यासारखे! एखाद्या भाविकाला त्यात काही वावगे वाटले नसावे. मला स्वतःला तो फोटो पाहून हायसे वाटले: गंगेची जी गत, तीच आमच्या पऱ्ह्याची.

या सगळ्यांत मला अधिक आवडला तो एडवर्ड मायब्रिज. १८७२ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीत प्रचंड काचा नेल्या आणि धबधब्यांची चित्रे घेतली. त्यांतले पाणी भुताटकीचे वाटावे असे आहे. आणि सहाच वर्षांनी, १८७८ मध्ये, याच माणसाने भरधाव घोड्याचे चारही पाय हवेत असताना टिपून जगाला थक्क केले! ज्याने पाण्याचे भूत केले त्यानेच पळता घोडा खिळवून ठेवला. १८८७ साली त्याचे ७८१ चित्रफलकांचे मोठे काम प्रसिद्ध झाले. त्यातल्या एका फलकात एक बाई दुसरीच्या अंगावर बादलीभर पाणी ओतते आहे, आणि ते पाणी लोंबत्या चिंध्यांसारखे हवेत थांबले आहे. वाहत्या पाण्याला स्वतःचा चेहरा मिळाला तो असा, न्हाणीघरातल्या चेष्टेत.

तोवर काचही बदलली होती. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची वाट दाखवली आणि पुढच्या दहाबारा वर्षांत ओल्या काचेचा जमाना संपला. आर्थर वर्दिंग्टन नावाचा एक इंग्रज शास्त्रज्ञ थेंब पडताना उडणारे शिंतोडे वर्षानुवर्षे ठिणगीच्या प्रकाशात पाहून हाताने काढीत असे. त्याची चित्रे रेखीव, चहूबाजूंनी सारखी. १८९४ मध्ये त्याला त्याच शिंतोड्यांचे फोटो घेता आले, आणि पाहतो तो प्रत्येक शिंतोडा वाकडा, एका बाजूला कललेला. इतकी वर्षे त्याचा डोळा पाण्याला सुधारून घेत होता! आपली चूक त्याने उघड मान्य केली. एवढ्यासाठी तरी त्याला आमच्या शिक्षकमंडळींनी गुरू मानावे.

यापुढचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो वाचकांच्या डोळ्यांपुढचाच आहे. पाणी थांबवण्यासाठी पन्नास वर्षे धडपड झाली, ते थांबले, आणि मग लोकांना दुधासारख्या पाण्याची आठवण येऊ लागली. आता हौशी माणसे भिंगापुढे काळी काच लावून, तिपाई रोवून, मुद्दाम वेळ लांबवतात. मोबाइल तर अनेक फोटो एकात मिसळून तेच पाणी हातातल्या हातात करून देतो. पावसाळ्यात आमच्या घाटात याची जत्राच भरते. जी काचेची असमर्थता होती ती सौंदर्याची खूण झाली. मी नाक मुरडत नाही. पण ते पाणी डोळ्यांना दिसत नाही आणि ते हवेत थांबलेले मणीही दिसत नाहीत. डोळ्यांना दिसते ते या दोहोंच्या मधले काहीतरी, आणि त्यात निम्मा वाटा कानाचा असतो.

आता घरच्या फोटोकडे येतो. १९१७ सालापर्यंत काचा चपळ झाल्या होत्या. उन्हात सेकंदाचा लहानसा अंश पुरे होई. पण पऱ्ह्यावर आंबा-जांभळाची दाट सावली आहे, आणि मागची-पुढची सारी माणसे नीट यावीत म्हणून फोटोवाल्याने भिंगाचे छिद्र बारीक केले असणार. म्हणजे काच काही काळ उघडी राहिली. किती काळ? हा प्रश्न मला सोडीना. भिंग घेऊन फोटो पाहताना एके दिवशी पाण्याच्या कडेला, कातळाखालच्या खळग्यात, एक आखूड पांढरी रेघ दिसली. किंचित वाकलेली. फेसाचा बुडबुडा खळग्यात फिरताना मागे ठेवून गेलेली ती वाट होती. काच जितका वेळ उघडी, तितकी ती रेघ लांब!

फोटो तुळशीचे लग्न आटोपल्यावर घेतला होता, असे आजोबांकडून ऐकले होते. म्हणून गेल्या कार्तिकात, शाळेतल्या सहकाऱ्याचा कॅमेरा आणि तिपाई मागून घेऊन, मी त्याच कातळासमोर उभा राहिलो. कातळ तसाच आहे. एक जांभूळ पडले आहे. आधी सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो घेतला. पाण्याचा चुरा झाला, बांगड्या फुटाव्यात तसा. अर्ध्या सेकंदात त्याला जटा आल्या. दहा सेकंदांत धूर झाला आणि बुडबुड्याची रेघ पुरी वाटोळी फिरून आली. दोन सेकंदांवर रेघ जवळजवळ जुन्या फोटोएवढी उमटली आणि कातळावरचे पाणीही तसेच ताकासारखे उतरले. हिशेब ढोबळ आहे, हे मला समजते. दर वर्षीचे पाणी सारखे नसते आणि बुडबुडाही तोच नव्हे. पण दोन सेकंद. पाण्याकडे वळायला चार वर्षांच्या मुलीला त्याहून कमी वेळ पुरतो.

खात्री करावी म्हणून बरोबर आलेल्या शेजारच्या मुलीला त्याच जागी बसवले. ती माझ्याच शाळेत आहे, दुसरीत. तिला सांगितले, मी हात वर केला की पाण्याकडे बघ. पहिल्या खेपेस तिने उशिरा पाहिले, चेहरा स्वच्छ आला. दुसऱ्या खेपेस ती आधीच पाहत होती, तेव्हा कान आणि वेणी आली. तिसऱ्यांदा मान अर्धवट वळताना काच बंद झाली, म्हणजे आता काच कसली, शटर. मी पडद्यावर पाहिले. परकराच्या जागी शाळेचा गणवेश, बांगड्यांच्या जागी एक लाल दोरा, आणि मानेच्या वर तोच पांढुरका डाग.

मी बराच वेळ काही बोललो नसेन. पाणी खळखळत होते. पोर कातळावर दोन्ही हात टेकून ताठ बसून राहिली होती, आणि शेवटी तिने विचारले, "गुरुजी, आता हलू का?"